नऊ घरांतला आळस

सरांच्या हातात काहीही दिलं की ते आधी हवेत उडवायचे. काडेपेटी, डस्टर, रिमोट, चष्म्याचं घर, लग्नात मिळालेला नारळ. नुसतं उडवायचे नाहीत, गिरकी देऊन उडवायचे, आणि ती वस्तू परत हातात पडेपर्यंत त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणाची तरी पावलं जिन्यावर वाजताहेत आणि दार उघडायला जायचं आहे. एकदा कॉलेजातल्या एका क्लार्कच्या घरी बारशाला आम्ही सगळे गेलो होतो. बाळाच्या आईनं कौतुकानं बाळ सरांपुढं धरलं. तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चपळाईनं मध्ये आल्या. "त्यांच्याकडं नका देऊ ओ. माझ्याकडं द्या." काकूंना तान्ह्या मुलांची फार हौस आहे, असा बाळाच्या आईचा समज झाला आणि तिनं त्यांना जेवायला आग्रहानं शेजारी बसवलं.

सर आम्हाला इंजिनिअरिंगला यंत्रशास्त्र शिकवायचे, त्यातही फिरणाऱ्या वस्तूंचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे. सर दोन्ही नावं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि स्वतः नुसतं 'शहर' म्हणायचे. गावांची नावं मात्र त्यांना लागायची, कारण माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. मी कन्नडची, म्हणून कन्नड. बाकावर माझ्या मागं बसणारा उंच मुलगा सिल्लोडचा, म्हणून सिल्लोड. शहरातल्याच एका मुलीला त्यांनी गुलमंडी करून टाकलं होतं आणि ती बिचारी चार वर्षं सगळ्यांना सांगत राहिली की आमचं घर गुलमंडीत नाहीच मुळी. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव वाचून सर काकूंना म्हणाले होते, "ही कोण?"

ते बूट घालत नसत. कधीही बघावं तर पायात चप्पल, अंगात पांढरा शर्ट आणि उजव्या बाहीला कोपरापर्यंत खडू. प्राचार्यांनी एकदा बुटांचा विषय काढला तेव्हा सर म्हणाले, नाड्या बांधताना मला काहीतरी सुचतं आणि मग मी तिथंच बसून राहतो. हे खरं होतं. सर कुठंही बसून राहायचे.

जडत्वाचा धडा ते आळसापासून सुरू करायचे. फळ्यावर काहीही न लिहिता, टेबलाच्या कडेवर टेकून, खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत विचारायचे, "सिल्लोड, तू किती आळशी आहेस?"

सिल्लोड उभा राहायचा. "लई आळशी है सर."

"लई म्हणजे किती? आकडा सांग."

"आकडा कैसा सांगू सर? सकाळी उठायचा आळस अलग, अभ्यासाचा अलग, लग्नाला जायचा तर बिलकुलच नाय."

सरांना नेमकं हेच हवं असायचं. ते टेबलावरून उतरायचे. वस्तूचंही असंच असतं, म्हणायचे. लांब काठी तिच्या लांबीभोवती पटकन गिरकी घेते, मध्ये धरून आडवी फिरवायला जा, जड जाते. तीच काठी, तेच वजन. मग तिचा आळस एका आकड्यात कसा सांगणार? आणि फळ्यावर तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ घरांचा चौकोन काढायचे. कर्णावरची तीन घरं म्हणजे सरळ आळस, या बाजूनं फिरवलं तर किती कुरकुर, त्या बाजूनं किती. उरलेल्या सहा घरांत तिरका आळस. "तुला अभ्यासाला बसवलं की तू उठून स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडतोस. ढकललं एकीकडं, निघालास भलतीकडं. ते ह्या घरांत लिहायचं." पुस्तकात याला जडत्वाचा टेन्सर म्हणतात. आमच्या बॅचला तो नऊ घरांतला आळस म्हणूनच पाठ झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर मी तोच शब्द वापरला, तेव्हा तो गृहस्थ माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं पाणी मागवलं.

पण सरांचा जीव त्या नऊ घरांपेक्षा त्यापुढच्या गोष्टीत होता. वस्तू कितीही वेडीवाकडी असो, दगड असो की फुटकी घागर, तिला तीन अक्ष असे असतातच की त्यांच्याभोवती फिरवलं तर तिरका आळस नाहीसा होतो. एकमेकांना काटकोनात, तिचे स्वतःचे. हे सांगताना 'असतातच' या शब्दावर सरांचा आवाज खाली यायचा. मग ते बोलायचे थांबायचे. वर्गात फक्त पंखा ऐकू यायचा, बाहेर लिंबाच्या सावलीत कुणीतरी मोटारसायकल पुसत असायचं, आणि सर खडू हातात धरून कुठंतरी निघून गेलेले असायचे. आम्हीही आपापल्या दिशेनं निघून जायचो. आयुष्यातली काही उत्तम झोप मी त्या शांततेत काढली आहे. थोड्या वेळानं सर स्वतःशीच "हां" म्हणायचे, आणि तास पुढं सुरू व्हायचा.

दर वर्षी त्यांचा एक रिवाज होता. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची, आणि सत्र संपेपर्यंत तिचे तीन अक्ष शोधायचे. मुलं हुशार असतात. कुणी पट्टी आणायचा, कुणी चेंडू, कुणी खोडरबर, म्हणजे गणित सोपं. मी विळी नेली. पाट, त्यावर वर आलेलं वाकडं पातं, टोकाला नारळ खवायची चकती. आईच्या जुन्या साडीत गुंडाळून मी ती एस.टी.तून कन्नडहून आणली. शेजारच्या बाईनं विचारलं, "रुखवताची का?" आईनं ते दिवस चाकूनं भाजी चिरली आणि फोनवर रोज त्याची आठवण करून दिली.

विळी बघून सरांचे डोळे चमकले. हात पुढं झाला, आणि मग मागं आला. माझ्या माहितीत त्यांनी न उडवलेली ती एकमेव वस्तू. पाटाभोवती बोट फिरवत म्हणाले, "कन्नड, हिच्यात काहीच सारखं नाही. फार छान." मी मात्र गणित उरकायच्या घाईत होते. कर्णाबाहेरच्या सहाही घरांत मी शून्यं मांडून टाकली. चेंडूवाल्यांच्या वह्यांत तसं होतं, म्हणून. सरांनी कागद उजेडात धरला.

"ही शून्यं कुठून आणलीस? हीपण घरून?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "विळीकडं बघून कुणी शून्य म्हणेल का गं?" एवढंच म्हणाले, आणि माझ्या शेजारी बाकावर बसून त्यांनी पातं मनातल्या मनात कापायला सुरुवात केली, हा तुकडा एवढा, तो तुकडा तेवढा. जेवणाची सुट्टी झाली, सगळे गेले, सर बसलेलेच. शेवटी विळीचा एक अक्ष पाटाच्या कोपऱ्यातून तिरका वर चढून पात्याला न शिवता निघून गेला, तेव्हा त्यांनी हवेत बोटानं तो मला दाखवला. मला तो दिसला. आजही आई विळीवर भाजी चिरते तेव्हा मला तो दिसतो, आणि आईला वाटतं मी भाजीकडं बघतेय.

आणखी एक त्यांचा आवडता उद्योग म्हणजे पुस्तकाला रबरबँड लावून उडवणं. लांबीभोवती फिरवलं की पुस्तक शहाण्यासारखं परत येतं. जाडीभोवती फिरवलं तरी येतं. पण मधल्या अक्षाभोवती फिरवलं की अर्ध्या वाटेत कोलांटी मारतं, आणि पुढचं पान मागं करून हातात पडतं. कितीही जपून फेका. सरांनी आम्हा सगळ्यांना ते करायला लावलं. सगळ्यांचीच पुस्तकं उलटी पडली. "मधल्याचं असंच असतं," सर म्हणाले. ते तीन भावांतले मधले होते.

एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या मैदानावर वावटळी उठायच्या. दुपारचं रिकामं मैदान, आणि अचानक एका कोपऱ्यातून धूळ, लिंबाची पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या गरगरत उभ्या राहायच्या आणि आपल्याच नादात चालत निघायच्या. एकदा तास चालू असताना तशी एक वावटळ उठली. सर बोलता बोलता खिडकीपाशी गेले, मग दारापाशी, मग वर्गाबाहेर. आम्ही खिडक्यांत गोळा झालो. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस मैदान ओलांडून सावकाश त्या धुळीच्या खांबात शिरला आणि दिसेनासा झाला. वावटळ थोडी पुढं गेली तेव्हा सर आहे तिथंच उभे होते, हात थोडे वर, डोळे मिटलेले. केसांत पानं घेऊन परत आले.

"आत शांत असतं का सर?" गुलमंडीनं विचारलं.

सरांनी जरा विचार केला. "नाही. आतपण धूळच असते. मला वाटलं होतं शांत असेल." आणि शर्ट न झटकता त्यांनी उरलेला तास घेतला.

सर जाऊन आता दोन पावसाळे झाले. उन्हाळ्यात वाळूजच्या रस्त्यावर मोकळ्या प्लॉटवर धूळ फिरायला लागली की मी गाडी हळू करते. मागचे लोक हॉर्न वाजवतात.

त्यांच्या तरंगण्याबद्दल मात्र मला कॉलेज संपल्यावर कळलं, तेही काकूंकडून. सर रोज सकाळी महापालिकेच्या तरणतलावावर जायचे, पण पोहायला नाही. पाण्यात उतरायचे, पाठीवर पडायचे, हात पसरायचे, डोळे मिटायचे. संपली त्यांची कामगिरी. आजूबाजूला पोरं धडपडायची, पाणी उडायचं, सर त्या सगळ्यातून हळूहळू फिरत वाहायचे. पाय तेवढे बुडायचे त्यांचे. मध्येच पाय खाली जायला लागले की ते एक झटका देऊन पुन्हा वर आणायचे. "पोहणं म्हणजे कुठंतरी जाणं," मला म्हणाले होते. "मला कुठं जायचं नसतं."

लग्नानंतर काकू एकदाच तिथं गेल्या होत्या. नवरा पाण्यावर निपचित पडलेला बघून त्यांनी अशी किंकाळी फोडली की दोघांनी कपड्यांसकट उड्या मारल्या. तेव्हापासून त्यांनी तलावाचं नाव टाकलं. "जित्या माणसानं असं पडून ऱ्हायचं असतंय का?" त्या विचारायच्या. शेजाऱ्यांचा राग निराळाच होता. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक कामावर दांडी मारून पिंपं भरतात. आणि हा माणूस रोज सकाळी एवढ्या पाण्यावर नुसता झोपून येतो.

मी सरांना एकदा विचारलंही, की पाण्यावर फिरताना तुम्ही कोणत्या अक्षाभोवती फिरता. सर जरा नाराज झाले. "तिथं मी गणित करत नाही," म्हणाले.

ते निवृत्त झाले त्याच्या आधीपासून त्यांना साखर होती. निवृत्तीनंतर एक दिवस चप्पल चावली. सरांना कळलंच नाही, पायाला जाणीवच कमी झाली होती. कळलं तेव्हा बोट काळं पडलेलं होतं. मग पाऊल. डॉक्टरांनी सांगितलं, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि लवकर, नाहीतर विष वर चढेल आणि माणूस हाती लागणार नाही. सर नाही म्हणाले. कारण विचारलं तर भिंतीकडं बघायचे. घरचे सांगून थकले, डॉक्टर चिडले. तेव्हा काकूंनी मला फोन केला. मी तोवर वाळूजला एका कारखान्यात लागले होते. मोटारींची फिरणारी अंगं थरथरू नयेत म्हणून कुठं थोडं घासायचं, कुठं थोडं वजन लावायचं, ते बघणं माझं काम.

"तू ये बाई," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकतील. अन् नाय ऐकलं तरी मी एकटी तरी ऱ्हाणार नाय."

दुपारी मी त्यांच्या सिडकोतल्या घरी गेले. दारातच काकूंनी मला थांबवलं. "चप्पल बाहेर. अन् कडंकडंनं ये, पुसंल ते."

पुढच्या खोलीच्या शहाबादी फरशीवर खडूनं एक माणूस काढलेला होता. पुऱ्या उंचीचा, हात पसरलेला. डावा पाय गुडघ्याच्या थोडा खाली एका रेघेनं तोडलेला, आणि त्याच्यापुढचं पाऊल ओल्या फडक्यानं पुसलेलं. पुसल्याचा डाग तेवढा राहिला होता. डोकं म्हणजे गोल, हात म्हणजे नळकांडी, धड असं असं, प्रत्येकात आकडे. आणि बाजूला, पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, गणित.

"मीच आखलं," काकू म्हणाल्या. "म्हणले, मी झोपतो, तू आख. दोन डाव आखायला लावलं. पयल्या डावाला मान वाकडी आली म्हणं."

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. पायाला मोठी पट्टी. हातात काठी, काठीच्या टोकाला खडू बांधलेला. चेहरा उतरला होता, पण मला बघून काठी वर झाली. "ये कन्नड. तपास."

मी फरशीवर बसले आणि तपासायला लागले. काय करणार? पाय गेल्यावर त्यांच्या शरीराची नऊ घरं कशी बदलतात, ते सगळं तिथं होतं. एकही फुकटचं शून्य नव्हतं. अक्ष किती कलतो तेही काढलेलं होतं. मी गुडघ्यांवर सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेले. काकू चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या पायापाशी शेवटची ओळ होती. 'म्हणून पाण्यावर राहता येणार नाही.' खाली दोन रेघा.

मी ती ओळ वाचली, पुन्हा मागं गेले, पुन्हा वाचली. गणितात कुठंही चूक नव्हती. पण ती नऊ घरं काय सांगतात? वस्तूला कुणी गिरकी द्यायला गेलं तर ती किती कुरकुर करेल. सरांना कुणी गिरकी देणार नव्हतं. माणूस पाण्यावर सरळ पडतो की कलतो, हे वजन कुठून खाली ओढतंय आणि पाणी कुठून वर रेटतंय, यावर ठरतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. सर चक्क धडा चुकले होते. आयुष्यभर शिकवत आलेला माणूस गोष्ट स्वतःच्या पायाशी आल्यावर आपल्याला येणाऱ्या एकमेव धड्यात जाऊन बसला होता. सर घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, गणित बरोबर आहे," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे."

"धडा चुकलाय."

काठी खाली आली. मी पुढं बोलले, कारण थांबले असते तर मला बोलता आलं नसतं. "तुम्हाला कुणी फिरवणार नाही सर. तुम्हाला नुसतं पडून राहायचंय. त्यात ही नऊ घरं येतच नाहीत."

सर फरशीवरच्या त्या माणसाकडं बघत राहिले. पंखा फिरत होता. काकूंच्या हातातल्या चहावर साय धरली.

"तरंगायचा धडा मी कधी शिकवला नाही," ते शेवटी म्हणाले. "तिथं गणित न्यायचं नाही असं ठरवलं होतं मी." मग त्यांची भाषाच बदलली, गंगापूरकडची झाली, त्यांच्या लहानपणाची. "आमच्या गावात विहीर होती मोठी. आम्हाला उतरू देत नव्हते. उन्हाळ्यात बाकीची पोरं धपाधप उड्या मारायची अन् आवाज आमच्या वस्तीपर्यंत यायचा. मी वस्तीतनं नुसत्या आवाजावरनं ओळखायचो, कोण सूर मारतंय, कोण पोटावर पडलंय. बाप बाबासाहेबांच्या मार्गानं जाणारा, म्हणला, शीक. शहरात आलो, होस्टेलला ऱ्हायलो, अन् एक दिवस त्या तलावात उतरलो. पाठीवर पडलो. अंगाखाली सगळं पाणी आलं, अन् कुणीच काय बोललं नाय." त्यांनी पट्टीकडं बघितलं. "पायाचं काय नाय गं. तेवढं जाऊ नये, असं वाटतंय."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "अवो सर," त्या म्हणाल्या. त्याही नवऱ्याला सरच म्हणायच्या. "पाय ठिवला तर तुमीच ऱ्हाणार नाय. मंग आमी काय तरंगवायचं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात आम्ही त्यांच्याकडं बघायचो तसं. "पाय नसल्यावर माणूस तरंगतो का, कन्नड?"

"माहीत नाही सर."

"मलापण नाही." आणि या गोष्टीनं त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. माहीत नाही म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. "मग बघावं लागेल," ते म्हणाले. "दवाखान्यात फोन लाव."

काकूंनी तो खडूचा माणूस ऑपरेशन होऊन सर घरी येईपर्यंत पुसू दिला नाही. मोलकरणीला कडेकडेनं झाडायला लावलं. पुढं जखम भरायला बरेच महिने गेले. खोटा पाय आला तेव्हा काकू ओरडल्या, "उडवू नका," पण तोवर तो हवेत गेला होता आणि कूलरच्या मागं पडला. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून तलाव बंद होता. जायकवाडीत पाणी वाढलं, तेव्हा उघडला. तलाव सांभाळणाऱ्या भाऊंनी आधी साफ नकार दिला, जबाबदारी कोण घेणार म्हणून. मी सिल्लोडला फोन केला. चिकलठाण्याला त्याचं मोठं वर्कशॉप आहे आता, पोट सुटलंय. तो सकाळी शटर न उघडताच आला. "जबाबदारी मी घेतो ना भाऊ," म्हणाला. "सर आहेत ते आमचे. काय पाहिजे ते लिहून घ्या माझ्याकडनं."

काकूही आल्या. लग्नानंतर दुसऱ्यांदा. माझा दंड धरून काठावर उभ्या राहिल्या.

सिल्लोडनं सरांना उचलून पाण्यात नेलं. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. सर त्याच्या गळ्याला हात घालून, डोळे घट्ट मिटून होते. बाकीची माणसं पोहायची थांबून बघत होती.

"सोड," सर म्हणाले.

सिल्लोड पाय रोवून उभा होता.

"सोड म्हणतो ना."

"सर," सिल्लोड हळूच म्हणाला, "मी कधीच सोडलंय. तुमीच धरलंय."

सरांनी एक हात काढला. मग दुसरा. त्यांचं अंग एकदम उजवीकडं कललं, तोंडात पाणी गेलं, ते खोकले, आणि काकूंची बोटं माझ्या दंडात रुतली. सिल्लोड पुढं झाला. सरांनी मान हलवून त्याला नको म्हटलं. डावा हात लांब पसरला, उजवा अंगाजवळ घेतला, पुन्हा थोडा सोडला. कललेलं अंग हळूहळू मागं आलं. पुरतं सरळ झालं नाही, जरासं तिरकंच राहिलं, पण राहिलं. आणि मग त्यांच्या उरलेल्या पायाची बोटं पाण्याबाहेर आली. झटका न देता, आपोआप. पूर्वी पाय बुडायचे, आता ओझं कमी झालं होतं.

ते डोळे मिटून पडले होते आणि कुणी न फिरवता सावकाश फिरत होते. ऊन पाण्यावर आलं होतं. "श्वास चालू हाय ना?" काकूंनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मी रडत होते.

तेवढ्यात भाऊंनी शिट्टी वाजवली. बॅच संपली होती. एकेक करून माणसं निघाली, सिल्लोडही पायरीवर येऊन बसला, लाटा थांबल्या. सरांचे कान पाण्याखाली होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. भाऊंनी दुसऱ्यांदा शिट्टी तोंडाला लावली तेव्हा काकूंनी माझा दंड सोडला आणि त्या त्यांच्याकडं गेल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आजचा दिस एवढं सगळं पाणी त्यांना एकट्याला असू द्या."